दुखत नाही म्हणून पाहायचं

फरशीवर रक्ताचे ठसे दिसतात. घरातलं कोणीतरी ओरडतं, “अगं बाई, हे कोणाचं?” मग एकेकाचे तळवे बघितले जातात आणि ठसे आजोबांचे निघतात. आजोबा तिकडे निवांत पेपर वाचत बसलेले असतात. टाचेत काच घुसलेली असते. कधी घुसली ते त्यांना सांगता येत नाही. मधुमेह जुना झालेल्या किंवा कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांच्या घरात हा प्रसंग थोड्याफार फरकाने घडतच असतो. काचेऐवजी बाभळीचा काटा असतो, चपलेतून वर आलेली चूक असते, नाहीतर नातवाच्या मोटारीचं चाक बुटात राहिलेलं असतं आणि आजोबा दिवसभर त्यावर चाललेले असतात. पांढऱ्या फरशीवर निदान रक्त दिसतं. सारवलेल्या जमिनीवर तेही दिसत नाही. तिथे घरच्यांना पत्ता लागतो तो चार दिवसांनी, वासावरून.

ही पुस्तिका अशा पायांसाठी आहे. त्या पायांची माणसं, त्यांच्या घरचे लोक, गावातल्या आशाताई, नर्स आणि ज्यांच्याकडे पहिल्यांदा दाखवायला नेतात ते जनरल प्रॅक्टिशनर यांनी ती वाचावी अशी अपेक्षा आहे. पुस्तिकेत काय करायचं ते सोप्या भाषेत आलेलंच आहे. ते का करायचं आणि इतकं साधं असूनही ते होत का नाही, हे सांगायला मला प्रस्तावनेची जागा हवी होती.

नसा खराब होण्याची कारणं पुष्कळ. आपल्याकडे पहिला मान अर्थातच मधुमेहाचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. मग कुष्ठरोग. शिवाय दारू, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, मूत्रपिंडाचे जुने विकार, कॅन्सरवरची काही औषधं, टीबीच्या गोळ्यांपैकी आयसोनियाझिड, पाठीच्या कण्याची दुखापत. बी-12चं जरा जास्त लक्षात ठेवावं, कारण मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या आणि त्यातून शाकाहारी असलेल्या माणसात ते कमी पडण्याची शक्यता वाढते, आणि सगळा दोष साखरेच्या माथी मारला जातो. हे कारण तपासलं तर सापडतं आणि औषधाने भरून काढता येतं. कारण कुठलंही असलं तरी बधिर झालेल्या पायाला सांभाळण्याचे नियम बहुतेक तेच राहतात. जिथे वेगळे आहेत तिथे मी पुढे थांबणार आहे.

पायच का? कमरेच्या मणक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे मज्जातंतू शरीरातले सर्वांत लांब, उंच माणसात मीटरभर लांबीचे. मधुमेहात नुकसानाची सुरुवात या लांब तंतूंच्या टोकाकडून होते. आधी बोटं, मग चवडा, मग घोटा, आणि दोन्ही पायांत साधारण सारखंच. मोजा जिथवर चढवावा तिथवर बधिरपणा चढत जातो आणि तो गुडघ्याजवळ पोचेपर्यंत हातांच्या बोटांनाही मुंग्या यायला लागलेल्या असतात. कुष्ठरोगाची तऱ्हा वेगळी. तो एकेक नस गाठतो. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडामागून जाणारी नस सुजली की तळवा बधिर होतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस गेली की पाऊल लोंबतं, माणूस पाय उचलून उचलून टाकत चालतो. एक पाय पूर्ण बधिर आणि दुसरा ठणठणीत, असंही त्यात असतं.

बधिरपणा म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, टोचलेलं कळत नाही. पण खराब झालेल्या नसा आणखी दोन कामं बंद पाडतात आणि त्यांचा बोभाटा होत नाही. पायाला घाम येईनासा होतो. कातडी कोरडी, चरबरीत होते आणि टाचेला भेगा पडतात. त्या भेगांतून जंतूंना रस्ता मिळतो. दुसरं म्हणजे पावलातले बारीक स्नायू वाळतात, बोटं पक्ष्याच्या नखीसारखी वळतात, आणि चवड्याखालची हाडं जमिनीकडे उतरतात. जो भार अख्ख्या पावलाने वाटून घ्यायचा तो दोन-तीन हाडांच्या टोकांवर येतो. तिथली कातडी स्वतःला वाचवायला जाड होते, घट्टा बनतो, आणि आता तो घट्टाच चपलेतल्या खड्यासारखा आतल्या मांसाला दाबायला लागतो. घट्ट्याच्या मधोमध काळपट-तांबूस ठिपका दिसला तर आत रक्त साकळलेलं आहे, जखम तयार आहे आणि फक्त तिचं तोंड उघडायचं बाकी आहे असं समजावं.

त्यातला एक चकवा सांगायलाच हवा. ज्या पायाला टाचणी कळत नाही तोच पाय रात्री आग आग होतो. “डॉक्टर, पायांची नुसती भट्टी होते, आणि तुम्ही म्हणता पाय बधिर आहे?” हा प्रश्न इतक्यांदा येतो की त्याचं उत्तर पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापावं असं मी सुचवलं होतं. दोन्ही खरं आहे. बिघडलेली नस बाहेरची खबर आणत नाही, पण आतल्या आत भलतेच निरोप पाठवत राहते. आग होते म्हणून माणूस बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून बसतो, गार पडले म्हणून गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपतो, आणि सकाळी पोटरीपर्यंत फोड.

आता थोडा इतिहास, कारण या सगळ्या शहाणपणाचा उगम जिथे आहे तिकडे आपण सहसा बघत नाही.

पॉल ब्रँड यांचा जन्म 1914चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरावरचा, मिशनरी आईवडिलांच्या घरातला. शिक्षण इंग्लंडमध्ये, आणि 1946 साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सर्जन म्हणून परत आले. तेव्हा सर्वत्र समज असा होता की कुष्ठरोगात मांस सडतं, बोटं आपोआप झडतात. ब्रँड यांनी रुग्णांच्या हातापायांकडे बारकाईने पाहिलं आणि त्यांना दिसलं की मांस चांगलं आहे, जखमा भरून येऊ शकतात, पण माणसाला लागलेलं कळत नाही म्हणून तो त्याच जागी पुन्हा पुन्हा लावून घेतो. गंजलेल्या कुलपाची किल्ली जोर लावून फिरवताना एका मुलाचं बोट हाडापर्यंत चिरलं आणि त्याला पत्ताही नव्हता, हा त्यांनी सांगितलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. काहींची बोटं रात्रीतून तोकडी होत होती, आणि शोध घेतल्यावर निघाले उंदीर. झोपलेल्या माणसाचं बोट कुरतडलं तरी त्याला जाग येत नव्हती. त्यावर उपाय म्हणून बरे होऊन घरी जाणाऱ्या रुग्णांबरोबर मांजर द्यायला सुरुवात झाली. वैद्यकाच्या इतिहासात मांजराला मिळालेलं इतकं सन्मानाचं स्थान मला तरी दुसरं माहीत नाही.

पायाच्या जखमांबद्दल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जे उमगलं ते आजही पुष्कळ डॉक्टरांच्या अंगवळणी पडलेलं नाही. काच, काटा, निखारा ही कारणं खरी, पण तळव्यावरच्या बहुतेक जखमा साध्या चालण्याने होतात. खुरप्याच्या दांड्याने हाताला फोड येतो तो पहिल्या फेरीत येत नाही, शंभराव्या फेरीत येतो, आणि त्याआधीच हात हुळहुळायला लागल्यामुळे आपण पकड बदललेली असते. चालतानाही तसंच. लांब चाललो की आपल्या नकळत आपण भार इकडून तिकडे करतो, टाच टेकवतो, थोडं लंगडतो, दगडावर बसून घेतो. बधिर पायाचा माणूस पहिलं पाऊल जसं टाकतो तसंच दहा हजारावं टाकतो, हाडाच्या त्याच टोकावर. आत सूज येते, ऊब वाढते, ऊती फुटतात. ब्रँड 1966 साली अमेरिकेत लुईझियानातल्या कार्व्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांनी ही गोष्ट प्रयोगांनी दाखवून दिली, आणि मग मधुमेहाच्या डॉक्टरांना सांगितलं की तुमच्या रुग्णांचे पायही असेच आहेत. त्यांना पटायला वेळ लागला. ‘मधुमेह्याचा पाय रक्त न पोचल्याने सडतो, कापण्यावाचून इलाज नाही’ ही समजूत तिकडेही पक्की होती.

वेल्लोर आणि जवळच्या करिगिरीच्या केंद्राने दोन गोष्टी जगाला दिल्या. एक म्हणजे जखमेच्या पायाला नीट बसणारं प्लास्टर घालून माणसाला चालू देण्याची पद्धत. तिची सुरुवात भारत-श्रीलंकेत आधीच झालेली होती. ब्रँड यांनी ती रुजवली आणि पुढे अमेरिकेत नेली. दुसरी गोष्ट मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल, जिला आपल्याकडे सगळे एमसीआर म्हणतात. आतला थर मऊ असतो आणि दाबला की परत फुगतो, खालचा थर टणक असतो, त्यातून काटा वर येत नाही. मागे पट्टा असतो, म्हणजे चप्पल पायातून निसटत नाही. बधिर पायाच्या माणसाची चप्पल रस्त्यात निसटते आणि तो तसाच पुढे जातो, म्हणून पट्टा. अंगठ्यात अडकवायचा पट्टा नसतो, कारण तो बोटांच्या बेचक्यात घासतो आणि चप्पल धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात.

महाराष्ट्राला हे परकं नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी 1936 साली काम सुरू केलं, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन 1946मध्ये आलं, आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती 1949मध्ये. कुष्ठरोगाच्या कामात घासलेल्या ड्रेसरला आजही पाय हातात घेतल्याबरोबर जे कळतं ते मोठ्या इस्पितळातल्या तपासण्यांच्या फायलीत सापडत नाही. मधुमेहाच्या बाजूने नागपूरच्या डॉ. शरद पेंडसे यांनी मधुमेही पायावर सचित्र इंग्रजी ग्रंथ लिहिला. डॉक्टर आणि नर्स यांना जोडीने शिकवणाऱ्या ‘स्टेप बाय स्टेप’ या प्रशिक्षण कार्यक्रमात त्यांचा मोठा वाटा होता. डॉक्टरला एकट्याला शिकवून भागत नाही, पाय धुणारा आणि पट्टी करणारा माणूस शिकला पाहिजे, ही त्यातली गोम.

आणि तरीही, एमसीआर चप्पल पुढे केली की मधुमेही माणूस मागे सरकतो. “अहो, ही महारोग्यांची चप्पल!” हे वाक्य मी शिकल्या-सवरल्या तोंडून ऐकलं आहे. त्याला दोष देऊन उपयोग नाही. गावात ती काळी पट्ट्याची चप्पल पायात दिसली की लोक काय अर्थ काढतात ते त्याला ठाऊक असतं. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसालाही ठाऊक असतं, म्हणून तोही लग्नाकार्याला जाताना ती घरी ठेवून साधी स्लिपर घालतो, आणि नेमकी त्याच दिवशी जखम होते. माझं मत स्पष्ट आहे: चप्पल वापरली जात नसेल तर दोष चपलेच्या रूपाचा. आतला थर एमसीआरचाच ठेवून वरून नेहमीच्या सँडलसारखी दिसणारी पादत्राणं आता मिळतात, चांगला चांभार ती बनवूनही देतो. ती देता येत असताना कळकट काळी चप्पल हातात ठेवून ‘रुग्ण ऐकत नाही’ असा शेरा मारणं मला पटत नाही.

कुष्ठरोगाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदवतो. डिसेंबर 2005पर्यंत देशात दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, असं प्रमाण गाठलं गेलं आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचं दूरीकरण झाल्याचं जाहीर झालं. हा आकडा उपचार चालू असलेल्यांचा. बहुविध औषधोपचार सहा किंवा बारा महिन्यांत संपतो, जंतू मरतात, नाव यादीतून निघतं. बधिर पाय जन्मभर राहतो आणि तो कुठल्याच यादीत नसतो.

तपासणीकडे येऊ. पाय बधिर झाला आहे की नाही हे कळायला मोठं यंत्र लागत नाही. नायलॉनचा एक ताठ तंतू मिळतो, मोनोफिलामेंट म्हणतात. कातडीवर काटकोनात टेकवून दाबला की दहा ग्रॅमच्या दाबाला तो वाकतो. आधी तो रुग्णाच्या हातावर लावून दाखवायचा, म्हणजे काय जाणवायला हवं हे त्याला समजतं. मग डोळे मिटायला सांगून अंगठ्याच्या पोटाशी, चवड्यावर अंगठ्याखाली आणि करंगळीखाली, तंतू वाकेपर्यंत टेकवायचा, सेकंदभर ठेवायचा आणि उचलायचा. घट्ट्यावर लावायचा नाही, तिथे धडधाकट माणसालाही कळणार नाही. मधूनच न लावता विचारायचं, “आता लागलं का?” हे विचारणं महत्त्वाचं, कारण आपल्याकडे डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून ‘हो’ म्हणणारे पुष्कळ. एका आजींचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखी एकाग्रता, आणि तंतू अंगठ्यावर पार वाकलेला असताना त्या म्हणतात, “लावा की आता, कधीची वाट बघतेय.” शेजारी बसलेल्या सुनेच्या चेहऱ्यावरचा रंग त्या क्षणी उतरतो. औषधांची यादी वाचून जे तिला वर्षभर समजलं नव्हतं ते त्या एका वाक्याने समजतं. म्हणून ही तपासणी घरच्या माणसासमोर करावी, असा माझा आग्रह असतो.

तंतू नसेल तर बोटाने भागतं. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रुग्णालयात बसवलेली ही रीत आहे. डोळे मिटलेल्या माणसाच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला तर्जनीच्या टोकाने अगदी हलका स्पर्श करायचा, एक-दोन सेकंद, न दाबता, न टोचता. सहापैकी दोन किंवा अधिक जागी कळलं नाही तर पाय धोक्यात आहे असं धरून चालायचं आणि दाखवायला न्यायचं.

रोज पाय पाहायचे, हा या पुस्तिकेतला पहिला नियम, आणि तोच सर्वांत कमी पाळला जातो. आपल्या घरांत मोठ्यांच्या पायांना हात लावण्याची रीत आहे, सणावारी तर रांग लागते, पण हात वरून लागतो. तळव्याकडे कोणी पाहत नाही. ज्याचा पाय, त्याला वाकवत नाही, पोट आडवं येतं, चष्म्यातून नीट दिसत नाही, कारण मधुमेहाने डोळ्यांवरही हात फिरवलेला असतो. मग आरसा जमिनीवर ठेवून त्यात पाहायचं, किंवा दुसऱ्याने पाहायचं. इथे बायकांची पंचाईत होते. नवऱ्याचे पाय बायको पाहते, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. बायकोच्या पायाला नवऱ्याने हात लावायचा म्हटलं की तीच पाय ओढून घेते, “अहो, काहीतरीच काय, पाप लागेल मला.” सुनेला सांगायचा संकोच, मुलाला सांगायची लाज. पुरुषाची जखम नखाएवढी असताना दिसते, बाईची रुपयाएवढी झाल्यावर. लेक माहेरी आली की तिने आईचे पाय पाहावेत, नातीला हे काम द्यावं, आणि नवऱ्याने तर पाहावेतच. पापाचं मी बघतो, असं एका काकांनी आपल्या पत्नीला माझ्यासमोर सांगितलं होतं. ते मला शास्त्रीय उत्तरापेक्षा बरं वाटलं.

बायकांच्याच बाबतीत जोडव्यांचं. पाय सुजला की जोडवं बोटात रुततं, खालची कातडी ओलसर राहते, कापली जाते, आणि दुखत नसल्यामुळे कळत नाही. काढायला सांगितलं की सवाष्ण बाईचा चेहरा बदलतो. काढलं तर उत्तमच. नाही काढायचं असेल तर सोनाराकडून फट मोठी करून घेतलेलं सैल जोडवं रोज रात्री उतरवून खालची जागा पुसून, पाहून, सकाळी परत घालता येतं, सूज असेल त्या दिवशी मात्र नाही.

घरगुती उपायांपैकी काही चांगले आहेत. टाचेच्या भेगांना कोकम तेल लावण्याची कोकणातली रीत महागड्या मलमाइतकीच कामाची. अट एकच, बोटांच्या बेचक्यात तेल-मलम नको, तिथे ओल राहून चिखल्या होतात. बिब्बा मात्र बधिर पायाजवळ आणू नये. भेगेत किंवा काटा मोडलेल्या जागी बिब्ब्याचं तेल भरण्याची खेड्यातली सवय जुनी आहे. ते तेल कातडी भाजतं. ज्याला कळतं तो झटकन थांबतो, ज्याला कळत नाही त्याचं मांस उघडं पडतं. कुरूप काढायच्या औषधी पट्ट्यांचंही तेच, त्यांतलं आम्ल कुरूप आणि चांगली कातडी यांत भेद करत नाही. पत्तीने घट्टा तासणं, गरम विटेचा शेक, उकळत्या पाण्याची वाफ, सगळं बंद. पाण्याचा गरमपणा पाहायचा तो हाताने, आणि हातही बधिर असतील तर दुसऱ्याच्या हाताने.

पाय भिजवण्याबद्दल दोन पुस्तकांत दोन उलट सल्ले सापडतील. कुष्ठरोगाच्या कामात शिकवतात की रोज वीस-तीस मिनिटं साध्या पाण्यात पाय भिजवा, जाड कातडी खरखरीत दगडाने हलकेच घासा, आणि ओलसर असतानाच तेल लावा. मधुमेहाच्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हणतात, पाय धुवा पण भिजवत बसू नका. कुष्ठरोगातला पाय अतिशय कोरडा असतो, त्याला पाणी धरून ठेवायला तेलाआधी भिजणं लागतं. मधुमेह्यात भिजून फुगलेली कातडी आणि बोटांमधली ओल जंतुसंसर्गाला आमंत्रण देते, शिवाय ‘भिजवा’ म्हटलं की आपली माणसं पाणी गरम करतात. म्हणून या पुस्तिकेत दोन्ही सल्ले वेगवेगळ्या पानांवर आणि वेगवेगळ्या माणसांसाठी दिले आहेत. ज्याला कुष्ठरोग होऊन गेला आणि आता मधुमेहही आहे, त्याने डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. उघडी जखम असताना मात्र कोणीच भिजवू नये.

अनवाणी चालू नका, हे सांगणं सोपं. देवळात काय करायचं? चैत्रात ज्योतिबाच्या डोंगरावर दुपारी दगडी फरशी कशी तापते ते गेलेल्यांना माहीत आहे. त्या फरशीवर प्रदक्षिणा घालून आलेल्या तळव्यांची कातडी पापुद्र्यासारखी सुटते. नुसते मोजे पुरेसे संरक्षण देत नाहीत, पण उघड्या पायापेक्षा जाड मोजे बरे, आणि फरशी गार असताना, पहाटे जाणं सर्वांत बरं. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट. बधिर पायाने ती पायी करू नये असंच मी सांगतो. जे ऐकणार नाहीत, आणि वारकरी ऐकत नाहीत, त्यांनी रुळलेली पादत्राणं घालावी, नवी कोरी नव्हेत, पावसात भिजलेले मोजे वरचेवर बदलावे, दर मुक्कामाला तळवे दिंडीतल्या दुसऱ्या कोणाला तरी दाखवावे, आणि लाल किंवा गरम जागा दिसली की पुढचा टप्पा गाडीने करावा.

गरम जागेबद्दल दोन शब्द जास्त. दुखणं गेलेल्या पायात ऊब ही उरलेली खूण आहे. हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पायांच्या त्याच त्या जागा ताडून पाहाव्यात. एका जागी दुसऱ्या पायापेक्षा 2.2 अंश सेल्सियसहून जास्त तापमान सलग दोन दिवस राहिलं तर चालणं कमी करून दाखवायला जावं, असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. थर्मामीटर नसेल तर हातावर विसंबून का होईना, पण पाहावं. अख्खं पाऊल लाल, गरम, सुजलेलं आणि तरी फारसं दुखत नसलेलं असेल तर ती साधी मुरगळ नव्हे. झाँ-मार्तँ शार्को यांनी 1868 साली वर्णन केलेला सांध्यांचा विकार बधिर पायात असाच सुरू होतो. आतली हाडं मऊ होऊन मोडत असतात आणि माणूस त्यावर चालत असतो. अशा पायाला गावातल्या चोळणाऱ्याकडे नेलं की उरलीसुरली हाडंही सरकतात, आणि पावलाची कमान उलटी होऊन तळवा होडीच्या बुडासारखा बाहेर येतो. लवकर ओळखलं आणि काही महिने प्लास्टरमध्ये ठेवलं तर पावलाचा आकार वाचतो.

जखम झालीच तर? ड्रेसिंग बदलत राहायचं आणि त्याच जखमेवर चालत राहायचं, हा आपल्याकडचा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत निरुपयोगी उपचार. मलमांच्या नळ्या रिकाम्या होतात, अँटिबायोटिक्सचे कोर्स संपतात, जखम तशीच. जंतुसंसर्ग नसलेल्या जखमेला अँटिबायोटिक लागतच नाही, लागतं ते भार काढून घेणं. रोजंदारीवरच्या माणसाला ‘सहा आठवडे झोपून राहा’ सांगणं म्हणजे त्याची चूल बंद करणं, ते तो ऐकणार नाही, त्याने ऐकावंही कसं? नीट घातलेलं प्लास्टर इथेच उपयोगी पडतं, कारण त्यात तो घरातल्या घरात तरी चालतो आणि जखमेवरचा दाब उतरतो. ते घालण्याआधी पावलाच्या नाड्या लागतात ना हे पाहायलाच हवं. रक्तपुरवठा कमी असेल तर रस्ता वेगळा, आणि तंबाखू-मिश्री-विडी चालू असेल तर तो आणखी खडतर. जखम भरली म्हणजे सुटलो असंही नाही. भरलेल्या जखमांपैकी सुमारे 40 टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात. म्हणून भरलेला पाय हा सर्वांत जास्त धोक्याचा पाय मानून त्याच्या चपला, घट्टे, तपासण्या यांचं वेळापत्रक पुस्तिकेच्या शेवटी स्वतंत्र दिलं आहे.

वाचण्याच्या क्रमाविषयी. आज पायावर जखम असेल, ती काळी पडली असेल, वास येत असेल, सूज घोट्यावर चढली असेल किंवा ताप असेल, तर आत्ता वाचत बसू नका, आजच्या आज इस्पितळात जा. जखम नसेल तर चपलांचं प्रकरण आधी वाचा आणि लगोलग घरातल्या सगळ्या चपला-बुटांत हात घालून पाहा. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलात की त्यांनी सांगायची वाट न पाहता दोन्ही पायांतले बूट-मोजे काढून बसा. साखरेचा कागद पाहून ते औषध लिहायला लागले तर पाय पुढे करा. रोजच्या वापरातली जुनी चप्पलही बरोबर न्या, तिच्यावर कुठे खळगा पडला आहे तेही त्यांना दाखवा.